मागे पडलेल्याचा डाव
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरकमहोत्सवात व्हिडिओ गेमचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु खेळ हा शाळेचा जुनाच सोबती आहे, आणि खेळाचे नियम ज्याने घडविले, त्याची माणसांविषयीची समजूत त्या नियमांत उतरलेली असते. मराठी मुलांच्या खेळात 'लिंबूटिंबू' असतो. धाकटे भावंड खेळात तर हवे, पण ते बाद झाले की रडणार. म्हणून त्याला घ्यायचे, मात्र त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही. यातली माया खरी असते. तरीही लिंबूटिंबूला लवकरच उमगते, की आपण खेळात असूनही खेळात नाही. दुबळ्या भिडूला खरे स्थान कसे द्यावे, या प्रश्नाचे एक निराळे उत्तर १९९२ साली जपानमधील क्योतो शहरात तयार झाले. त्याचे नाव 'सुपर मारिओ कार्ट'.

क्योतोची निन्टेंडो ही कंपनी १८८९ साली सुरू झाली, ती 'हानाफुदा' नावाचे फुलाफुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठी. पत्त्यांचा डाव समोरासमोर बसूनच मांडावा लागतो. पुढे ही कंपनी व्हिडिओ गेमकडे वळली. १९९० साली तिने काढलेला 'एफ-झिरो' हा शर्यतीचा खेळ अत्यंत वेगवान होता. पण तो एकट्यानेच खेळावा लागे. निर्माते शिगेरु मियामोतो आणि दिग्दर्शक तादाशी सुगियामा व हिदेकी कोन्नो यांनी मग दोघांना एकाच वेळी खेळता येईल अशी शर्यत रचण्याचे ठरविले. अडचण यंत्राची होती. तसा भन्नाट वेग आणि तसे लांबलचक सरळ रस्ते दोन स्वतंत्र दृश्यांत दाखविणे 'सुपर फॅमिकॉम' या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा वेग उतरविला गेला, रस्ते आखूड व वळणावळणांचे झाले आणि वाहन म्हणून छोटीशी गो-कार्ट आली. लोकप्रिय मारिओ तर त्या गाडीत नंतर बसला. आरंभी तिथे एक अनोळखी चालक होता.

सपाट चित्र फिरवून आणि लहानमोठे करून जमीन दूरवर पसरल्याचा भास निर्माण केला जाई. त्यासाठीचे गणित वेगाने सोडविण्याकरिता गेमच्या कॅसेटमध्येच एक जादा चिप बसविण्यात आली. पडद्याचे वर आणि खाली असे दोन भाग पडले. एकट्यानेच खेळताना खालच्या भागात रस्त्याचा नकाशा दिसतो. दुसऱ्या भिडूची जागा मुळातच राखलेली होती, याचीच ही खूण होय.

खरे वैशिष्ट्य मात्र नियमांत आहे. शर्यत आठ गाड्यांची आणि पाच फेऱ्यांची. रस्त्यावरील प्रश्नचिन्हाच्या चौकटीवरून गाडी गेली, की चालकाच्या हाती एखादे साधन येते: निसरडी केळ्याची साल, फेकून मारायचे कासवाचे कवच, वेग वाढविणारी अळंबी. कोणाला काय मिळावे हे नशिबावर असते, पण पूर्णपणे नव्हे. चालक कितव्या क्रमांकावर आहे, हेही पाहिले जाते. पुढच्याला किरकोळ साधने मिळतात. मागे रखडलेल्याच्या हाती वीजही येऊ शकते. ती पडताच बाकीच्या गाड्या काही क्षण चिमुकल्या आणि मंद होतात. १९९६ च्या 'मारिओ कार्ट ६४' मध्ये एकाच पडद्यावर चौघांची सोय झाली आणि पहिल्या क्रमांकाचा वेध घेत जाणारे निळे काटेरी कवच आले.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. ज्याने कौशल्याने आघाडी मिळविली, त्यालाच फटका का? अखेरच्या वळणावर कवच आदळून हातची शर्यत गमावणाऱ्या मुलाचे दुःख खोटे नसते. म्हणूनच हा न्याय परीक्षेच्या गुणपत्रिकेला लावता येणार नाही. निव्वळ कौशल्य पाहायचे असेल, तर याच खेळात केवळ घड्याळाशी झुंजण्याची वेगळी शर्यतही आहे. शिवाय वीज कोणाला जिंकवून देत नाही. ती थोडा अवधी देते. त्या अवधीत वळण घ्यायचे, तोल सांभाळायचा, अंतर तोडायचे, हे ज्याचे त्यालाच करावे लागते. लिंबूटिंबूला मिळते ती सूट. येथे मिळते ती संधी. सुटीमुळे माणूस खेळाबाहेर राहतो, संधीमुळे तो खेळात परततो.

पुढे असणाराही यातून काही शिकतो. आघाडी ही कायमची मालमत्ता नव्हे, हे त्याला कळते. पडदा सामायिक असल्याने मागच्याची धडपड त्याला शेजारीच दिसत राहते. 'मारिओ कार्ट डीएस'मुळे २००५ पासून या मालिकेत दूरच्या अनोळखी खेळाडूंशीही शर्यत लावता येऊ लागली. तिथे सोय वाढली, पण शेजारी बसलेल्याचा चेहरा हरवला. ज्याला कवच मारले त्याच्याच हातून पुढचा खाऊ घ्यायचा आहे, ही जाणीव एका सतरंजीवर बसूनच येते.

शाळेच्या साठ वर्षांत पहिल्या आलेल्यांची नावे फलकावर लागली, आणि ती लागावीतच. पण ज्या शिक्षकाने शेवटच्या बाकावरच्या मुलाला निव्वळ सूट न देता, योग्य वेळी त्याच्या हाती योग्य साधन ठेवले आणि मग त्याचे वळण त्यालाच घेऊ दिले, त्याची नोंद कोणत्याही फलकावर नसते. ती त्या मुलांच्या आयुष्यात असते. हीरकमहोत्सवाच्या या दिवशी त्या न लिहिलेल्या नोंदींनाही वंदन व्हावे.