पाळी आणि कडा

गावोगाव दवाखाना चालवणाऱ्या माझ्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

कान सोनारानेच टोचावेत, असं आपण सहज म्हणतो. बारशाला आजीच्या मांडीवरच्या बाळाची पाळी चिमटीत धरून सोन्याची तार आरपार नेणारा तो सराईत हात आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण आता टोचण्याची जागाही बदलली आहे आणि हत्यारही. अध्यक्ष या नात्याने मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. कॉलेजात शिकणारा, ढोलपथकात वाजवणारा. गणपतीच्या तोंडावर भिकबाळीसाठी त्याने कानाची वरची कडा एका स्टॉलवर गनने टोचून घेतली. चार-पाच दिवसांत कान लालबुंद, टरारलेला; उशीला टेकवता येईना. खालची पाळी मात्र अगदी जशीच्या तशी. ही खूण विसरू नका. पाळी सोडून वरचा कान सुजला, तर लागण कूर्चेच्या आवरणाला झाली आहे असं समजा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला जे मिळतं ते या आवरणातून. दोघांच्या मध्ये पू साचला की कूर्चा उपाशी मरते. इथे बहुतेकदा स्यूडोमोनास हा जंतू सापडतो आणि अमॉक्सिसिलिनला तो दाद देत नाही. या मुलाला आठवडाभर तीच गोळी मिळाली होती. पू काढला, कान वाचला. पण कडा मुरडली ती मुरडलीच. विशीतल्या मुलाने आरशासमोर केस कानावर ओढून घेणं मला बघवलं नाही.

गनचं प्लॅस्टिक ऑटोक्लेव्हची उष्णता सोसत नाही. म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं, असं चालतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, हे तिथे कुणाच्या गावीही नसतं. शिवाय गन बोथट टोकाचं कानातलं जोराने घुसवते. पाळी ते सोसते, कूर्चा चिरडते.

आता पाळीकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १६ वा अध्याय कर्णवेधाचा आहे. उजेडात पाळी धरून टोचायची जागा पाहावी, असं त्यात आहे. भलत्या शिरेला सुई लागली तर काय होतं, तेही आहे. मला मोलाचं वाटतं ते त्यातलं वय : सहावा किंवा सातवा महिना. आपल्या लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंटमध्ये धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी दोन्ही येतात. म्हणजे सहाव्या महिन्यात बाळाची स्वतःची ढाल तयार झालेली असते. बारसं बाराव्या दिवशी खुशाल करा. कान थोडे थांबू द्या.

टोचल्यावर पाळी भरायला ६ ते ८ आठवडे लागतात, कडेला कित्येक महिने. फिरकी सैल ठेवायला सांगा. सुजलेल्या पाळीत रुतलेल्या फिरक्या मी चिमट्याने काढल्या आहेत. हळद-तेलाचा लेप नको, साधं मिठाचं कोमट पाणी पुरे.

माझी एकच विनंती आहे. सोनाराला हिणवू नका, त्याच्या हातात पिढ्यांचं कसब आहे. येत्या महिन्यात आपापल्या गावच्या सोनाराच्या पेढीवर तासभर जाऊन बसा. एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया आणि हातमोजे सोबत न्या, तार निर्जंतुक कशी करायची ते दाखवा आणि त्याला सांगा : पाळी तुम्ही टोचा, कडा टोचायला कुणी आलं तर आमच्याकडे पाठवा.