दहा रुपये शेजारणीच्या नावाचे

आम्ही भडगाव तालुक्यातल्या, गिरणाकाठच्या एका गावातल्या बचत गटांच्या बाया बोलतोय. गावात आमचे दहा गट आहेत, मिळून एकशे दहा जणी. बचत तर सगळेच गट करतात. आम्ही त्या बचतीवर महिन्याला आणखी दहा रुपये काढतो. हे दहा रुपये आपल्या नावावर जमा होत नाहीत, त्यावर व्याज मिळत नाही आणि ते परत मागताही येत नाहीत. ते गावातल्या अडलेल्या घरासाठी असतात. दुसऱ्या गावच्या गटांकडून आम्हाला विचारणा होते, हे जमतं कसं, यावरून भांडणं होत नाहीत का? होतात. तेही सांगतो.

महिन्याला १,१०० रुपये, वर्षाला १३,२०० रुपये जमतात. शिवाय दादर ज्वारी खळ्यातून घरी आली की ज्यांना शेत आहे त्या घरामागे दोन किलो देतात. ज्या मजुरीनं जातात त्यांना धान्य मागत नाही. रक्कम मोठी नाही, पण ती गावातच असते आणि त्याच दिवशी हातात येते.

ही कल्पना काही आमची नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी शंभर वर्षांपूर्वी सांगलीकडच्या दुधगावात गरीब मुलांचं वसतिगृह घरोघरच्या मूठमूठ धान्यावर चालवलं. तिकडे गोव्यात, पणजीला, १९०८ साली निघालेल्या शिक्षणसंस्थेचं नावच मुष्टिफंड. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड काढला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मूठ काढून ठेवणं आपल्या घरात तर आजीपासून आहे.

आता एक घर सांगतो, नाव सांगणार नाही. रात्रीची लाइट होती म्हणून घरधनी पाणी द्यायला शेतात गेला आणि त्याला साप चावला. मागे बायको, म्हातारी सासू आणि दोन मुली. थोरली बारावीला. चौदावं झालं आणि नातेवाईक म्हणाले, आता हिला शिकवायचं कोणी? आखाजीला उरकून टाका. मुलगी सतरा वर्षांची.

आमच्या बैठकीत त्या दिवशी खूप आवाज झाला. एक ताई म्हणाली, "त्यांना दीड एकर तरी आहे. माझ्या शेजारणीला तर चुलीपुरती जागा नाही. पहिला हक्क कोणाचा?" बोलणं खरंच होतं. पण दोन गोष्टी ठरल्या. एक, शेत आहे म्हणून घरात पैसा आहे असं नाही, कापूस वेचणी निघेपर्यंत हातात काहीच नसतं. दुसरी, अठराच्या आत लग्न लावणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते थांबवायचं तर नुसतं समजावून भागत नाही. आई म्हणते, "समजलं, पण उद्या काय खाऊ?" त्याचं उत्तर हातात घेऊन जावं लागतं.

आम्ही सात महिने धान्य आणि किराणा दिला, बारावीचं परीक्षा शुल्क भरलं. पैसे रोख हातात दिले नाहीत, दुकानदाराला आणि कॉलेजला दिले. त्या बाईवर विश्वास नव्हता म्हणून नाही. रोख रक्कम घरात आली की जुना देणेकरी दारात उभा राहतो.

त्याच वेळी दुसरं काम सुरू केलं, आणि आमच्या मते तेच मोठं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. सातबारा सासऱ्याच्या नावावर असला तरी घरातल्या एका माणसाला त्यात बसता येतं. कागद मात्र पुरे लागतात: सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाची नोंद. रडारडीत हे कोणाला आठवणार? म्हणून आमच्यातल्या दोघी तालुक्याला खेपा घालायला ठेवल्या, त्यांचं बसभाडं याच निधीतून. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार, आणि संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार, हेही विचारून घेतो. उमेदच्या ग्रामसंघाकडे अशा अडचणींसाठी जोखीमप्रवणता निधी असतो. तुमच्या ग्रामसंघाला तो मिळाला आहे का ते आपल्या सीआरपी ताईला विचारा. आमचे दहा रुपये या सगळ्यांच्या जागी नाहीत. ते पैसे येईपर्यंतचे जे दिवस असतात, त्यांच्यासाठी आहेत. लेकीचं लग्न त्याच दिवसांत ठरतं, बकरीही त्याच दिवसांत मातीमोल विकली जाते.

मुलीनं परीक्षा दिली. दोन लाख यायला वेळ लागला, पण आले.

एकदा एका भल्या माणसानं पाच शिलाई मशीन देऊ केली. अट एकच, मशीन देताना बाईसोबत फोटो आणि मागे बॅनर. पुष्कळ चर्चा झाली. आमच्यातली एक जिजी, जी स्वतः एकेकाळी मदत घेऊन उठली, ती म्हणाली, "माले भीक नको, काम द्या. फोटो मशीनचा काढा, मना नको." आम्ही तसंच कळवलं. मशीन तीनच आली, फोटोशिवाय. (दोन बहुधा बॅनरबरोबर परत गेली.)

वही दर बैठकीत मोठ्यानं वाचतो. रक्कम वाचतो, कारण वाचतो, घराचं नाव वाचत नाही. गावात कळतंच, पण आपल्या तोंडून कळू नये. मदत घेतलेल्या बाईनंही जमेल तेव्हा दहा रुपये सुरू करावेत असं आम्ही म्हणतो, सक्ती करत नाही. त्या सर्पदंशाच्या घरानं पहिली वेचणी झाल्यावर न सांगता सुरू केले.

सध्या वस्तीवरच्या एका म्हातारीच्या छपराचं काम हाती आहे. सोळा पत्रे लागतात, नवांचे पैसे झालेत. मृगाच्या आत बाकीचे सात बसवायचे आहेत.