घरखरेदींतील मधला माणूस

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घराची जागा वडिलोपार्जित, दगडमाती गांवची आणि गवंडी-सुतार ओळखीचे असत. फसवणूक झालीच तर ती भिंतीच्या जाडींत नाहीं तर लांकडाच्या कसांत होई. आज बारामतींत किंवा इंदापुरांत घर करणारा मनुष्य बहुधा तयार घर अथवा आंखलेला भूखंड विकत घेतो आणि त्याची रक्कम कर्जाऊ काढतो. त्यामुळें त्याची गांठ दोन मध्यस्थांशीं पडते : एक घर दाखविणारा दलाल, दुसरा कर्ज मिळवून देणारा एजंट. या दोघांशीं कसें वागावें हा प्रश्न वरवर पाहतां नवा वाटतो. परंतु या मुलखानें त्याचें मूल्य पूर्वीं एकदां चांगलेंच मोजलेलें आहे.

ता. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले. सुपें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत होतें. आज तें बारामती तालुक्यांत मोडतें. दंग्याचें लोण लवकरच आसपासच्या तालुक्यांत व नगर जिल्ह्यांत पोहोंचलें. लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखतें आणि हुकूमनामे हिसकावून घेऊन जाळण्यांत आले. ज्या कागदावर आपण नांगराची निशाणी केली त्यांत काय लिहिलें आहे, हें पुष्कळांना जमीन जाऊं लागली तेव्हांच कळलें होतें. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्तऐवज गांव-निबंधकासमोर, त्याला नीट समजावून व्हावा, आणि न्यायाधीशानें रोख्यावरील आंकड्यावर न थांबतां मूळ देण्याचा हिशेब तपासावा, अशी त्यांत योजना होती. तो कायदा आतां इतिहासजमा झाला; परंतु न समजलेल्या कागदावर सही करण्याचा प्रसंग कांहीं संपलेला नाहीं.

दलाल हा कांहीं शत्रु नव्हे. कोणतें घर विकावयाचें आहे, कोणत्या पेठेंत काय भाव चालला आहे, हें त्याला ठाऊक असतें व त्या माहितीचा मोबदला त्यानें घेणें न्याय्यच आहे. मात्र व्यवहार पार पडला तरच त्याला दलाली मिळते. मोडला तर त्याची पायपीट फुकट जाते. तेव्हां भावाविषयीं त्याचें म्हणणें ऐकावें, पण घराच्या मालकीविषयीं त्याच्या शब्दावर विसंबूं नये. दलाली कोण देणार, किती, आणि ती खरेदीखत झाल्यावर कीं आधीं, हें पहिल्याच भेटींत लिहून घ्यावें. दोन्ही बाजूंनीं दलाली घेणारा मनुष्य कोणाचें हित पाहतो, हेंही त्याला उघड विचारावें. कांहीं दलाल स्वतःच इसार देऊन घर अडकवितात आणि मधला नफा घेऊन तें पुढें विकतात. आपल्या मध्यस्थानें आपल्याला न सांगतां त्याच व्यवहारांत स्वतःचा सौदा केला, तर तो सौदा नाकारण्याचा किंवा त्यांतील नफा मागण्याचा मार्ग १८७२ च्या करार कायद्यानें मोकळा ठेवला आहे.

नव्या गृहप्रकल्पांना २०१६ चा स्थावर संपदा कायदा लागू आहे. नोंदलेल्या प्रकल्पांतील घर विकून देणाऱ्या एजंटानेंही महारेराकडे आपली नोंदणी केलेली असली पाहिजे. नोंदलेला करार होण्यापूर्वीं किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे. परंतु जुन्या वाड्याची किंवा एखाद्या गृहस्थाच्या राहत्या घराची खरेदी या कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं, आणि लहान गांवांत असेच व्यवहार पुष्कळ होतात. तेथें ग्राहकाची दक्षता हीच मुख्य ढाल होय.

ही दक्षता कागदांपासून सुरू होते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास ज्या मोजणी-पद्धतीचा पाया घातला, तिचा आरंभ इंदापूर तालुक्यांतच झाला. जमिनीचा सर्व्हे नंबर ज्याच्या माथ्यावर असतो तो सातबारा आतां घरबसल्याही मिळतो. त्यांत खातेदाराचें नांव पाहून थांबूं नये. ‘इतर अधिकार’ हा रकाना अवश्य वाचावा, कारण बँकेचा अथवा सोसायटीचा बोजा तेथें दिसतो. जेथें नगर भूमापन झालें आहे तेथें मिळकत पत्रिका पाहावी. गेल्या ३० वर्षांतील दस्तांचा शोध वकिलाकडून घ्यावा, आणि तो वकील दलालानें सुचविलेला नसावा. विकणाऱ्याजवळ मूळ खरेदीखत नसून केवळ नक्कल असेल तर मूळ कागद कोठें आहे हें विचारावें. हक्काचीं पत्रें सावकाराकडे ठेवूनही गहाण होतें. केवळ कुलमुखत्यारपत्र किंवा साठेखत हातीं आल्यानें मालकी मिळत नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला आहे. आणि ‘गुंठ्याचा भाव’ सांगून सामाईक शेतजमिनींतील हिस्सा दाखविला जात असेल, तर बिनशेतीचा आदेश व मंजूर नकाशा पाहिल्याखेरीज इसार देऊं नये.

कर्जाच्या एजंटाचें गणित निराळें असतें. त्याचा मोबदला बहुधा दिलेल्या कर्जाच्या रकमेवर ठरतो. म्हणून ‘आपल्याला आणखी कर्ज बसतें’ हें त्याचें वाक्य कौतुक म्हणून ऐकूं नये. कोऱ्या अर्जावर सही करूं नये, उत्पन्न फुगवून लिहूं देऊं नये, आणि शुल्काची रक्कम त्याच्या हातीं न देतां थेट बँकेंत भरावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा प्रत्येक नव्या कर्जाबरोबर सर्व खर्च धरून पडणारा वार्षिक दर दाखविणारें तथ्यपत्रक द्यावें लागतें. तें कर्जदाराला समजणाऱ्या भाषेंत असावें, त्याला समजावून सांगावें, आणि विचार करण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस मिळावेत, असेंही बंधन आहे. गांव-निबंधकाच्या योजनेंतील हेतूच येथें निराळ्या रूपानें परत आला आहे. मात्र पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालीं नाहींत. तेथें हाच तपशील कर्जदारानें होऊन लेखी मागावा.

सर्वांत मोठा धोका खाजगी सावकाराशीं गांठ घालून देणाऱ्या दलालापासून असतो. ‘तारण म्हणून खरेदीखत करून द्या, पैसे फेडल्यावर घर परत फिरवूं,’ असें तो तोंडीं सांगतो. १९२९ पासून कायदा असा आहे कीं, परत देण्याची अट त्याच दस्तांत लिहिलेली नसेल तर अशी मुदतखरेदी गहाण मानली जात नाहीं. अट तोंडीं राहिली तर घर गेलें असेंच बहुधा समजावें. सावकारीच्या ओघांत स्थावर गेलें असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वयें जिल्हा निबंधकाकडे दाद मागतां येते. पण ती कायद्यानें ठरविलेल्या मुदतीच्या आंतील व्यवहारापुरतीच.

दलाल घाई करतो, कारण ‘दुसरें गिऱ्हाईक उभें आहे’. तें असेलही. तरी इसार देण्यापूर्वीं आठ दिवस मागून घ्यावे, आणि त्या आठ दिवसांत प्रत्येक कागद घरांतील शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून सर्वांसमोर मोठ्यानें वाचून घ्यावा. जें वाक्य कोणालाच उमगणार नाहीं तेथें खूण करून वकिलाला विचारावें. हे आठ दिवस देण्यास जो तयार नसेल, त्याचें घर दुसऱ्या गिऱ्हाइकासाठीं खुशाल सोडून द्यावें.