तारेवरची कसरत आणि तराजूचा काटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी पेशाने भौतिकशास्त्राची प्राध्यापिका. म्हणून की काय, चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा: "शिकवणे, लिहिणे आणि संसार यांचा मेळ कसा घालावा?" या प्रश्नाची एक गंमत आहे. तो बायकांनाच विचारतात. पुरुष प्राध्यापकाने चार पुस्तके लिहिली तर लोक त्याच्या बुद्धीचे कौतुक करतात, "घरचे कसे सांभाळता हो?" असे त्याला कोणी विचारीत नाही. आज आपण तो विचारू या, आणि तोही आपल्या महाराष्ट्राच्या एका थोर शास्त्रज्ञाच्या बाबतीत. दोष काढण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी.

डॉ. जयंत नारळीकरांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. 1938 साली कोल्हापुरास जन्म, बनारसला शिक्षण, पुढे केंब्रिज. तेथे फ्रेड हॉईल या गुरूंबरोबर त्यांनी 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. 1972 साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून परतले. 1988 साली पुण्यास 'आयुका' ही संस्था उभी राहिली. तिचे ते संस्थापक संचालक. 2003 पर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली. 2025 च्या मे महिन्यात ते आपल्यातून गेले.

एवढा व्याप असताना हा मनुष्य मराठीत गोष्टी लिही! त्याची कथा मोठी मौजेची आहे. एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असता त्यांनी समोरच्या कागदावर विज्ञानकथा लिहावयास घेतली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती 'कृष्ण विवर' या नावाने धाडली. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून नाव घेतले 'नारायण विनायक जगताप'. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची नक्कल पत्नीकडून करवून घेतली. कथेला बक्षीस मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक समर्थ लेखक लाभला.

कृष्णविवर म्हणजे काय, हे चार शब्दांत सांगते. आकाशातील एखादी वस्तू इतकी दाट होते की तिच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही. तिच्याजवळ घड्याळ संथ चालते. तेथे तासभर काढून परत यावे, तर इकडे वर्षे लोटलेली असावीत! असला गहन विषय गोष्टीतून सांगावा, ही त्यांची हातोटी. मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा ते म्हणत, "मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा". आणि उत्तरासोबत स्वाक्षरी जाई. आयुकात शाळेतील मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्याने सुरू झाली. 1996 साली युनेस्कोचे कलिंग पारितोषिक त्यांना मिळाले, ते विज्ञानप्रसाराच्या याच कार्यासाठी.

आता मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते त्या नक्कल करणाऱ्या हाताकडे. तो हात कोणाचा? मंगलाबाईंचा. माहेरच्या त्या राजवाडे. मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत गणितात 1964 साली कुलपतींचे सुवर्णपदक मिळविलेल्या, टाटा संस्थेत संशोधनास लागलेल्या. 1966 साली लग्न झाले; केंब्रिजला जाऊन तेथेही त्यांनी गणित शिकविले. परंतु संसार आला, मुली झाल्या, आणि घराला पहिला मान देण्याची आपल्याकडील रीत त्यांनीही पाळली. आपली कहाणी ही त्या पिढीतील पुष्कळ शिकलेल्या स्त्रियांची कहाणी आहे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. त्यांना पीएच. डी. मिळाली 1981 साली, म्हणजे लग्नानंतर पंधरा वर्षांनी!

पण मिळाली, हेही विसरू नये. पुढे 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' अशी पुस्तके त्यांनी मराठी मुलांना दिली. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून वाद माजला, तो आपल्याला आठवत असेल. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा आधी. येथे लहान मूल अडखळते, म्हणून 'साठ तीन' असेही शिकवावे, एवढेच त्यांच्या समितीचे म्हणणे होते. पोराला आकडे गिरवून घेणाऱ्या प्रत्येक आईला ही अडचण ठाऊक आहे. 2023 च्या जुलैमध्ये मंगलाबाई निवर्तल्या. त्यांच्या तिन्ही मुली विज्ञान-तंत्रज्ञानातच नावारूपास आल्या.

तेव्हा भगिनींनो, नारळीकरांच्या घरी मेळ बसला, तो एका माणसाने तारेवरची कसरत केली म्हणून नव्हे. तराजूला दोन पारडी असतात. एका पारड्यात शिकविणे, लिहिणे, व्याख्याने पडली आणि काटा सरळ राहिला, तर दुसऱ्या पारड्यात कोणीतरी आपला वेळ घातलेला असतो. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे; त्याला थोरांचे घरही अपवाद नाही.

वेळ नुसता किती यावर भागत नाही, तो कसला हेही पाहावे लागते. दूध उतू जाईपर्यंतच्या दहा मिनिटांत पोस्टकार्ड लिहिता येते, एखादा लेखही तुकड्या-तुकड्याने होतो. गणिताचे प्रमेय मात्र तसे सुटत नाही. त्याला सलग तीन तास लागतात. घरातील बाईला वेळ मिळतो तो सगळा चिंध्यांचा. त्याची गोधडी होते, पातळ होत नाही. वर्गात पहिल्या येणाऱ्या किती मुली मी पाहिल्या, ज्यांची बुद्धी लग्नानंतर आटली नाही, फक्त सलग तीन तास आटले!

म्हणून नवऱ्यांना उपदेश करण्याऐवजी मी मंडळालाच एक मागणे घालते. आपल्याजवळ हे सभागृह आहे, रविवारी सकाळी ते रिकामे असते. आपल्यांतील पाच-सहा जणींनी पाळीपाळीने येथे मुले सांभाळावीत, गोष्टी सांगाव्यात, हवे तर तारे-ग्रहांच्या सांगाव्यात. ज्या सुनेला, लेकीला परीक्षेस बसावयाचे आहे, प्रबंध पुरा करावयाचा आहे, तिला तेवढे तीन तास अखंड द्यावेत. पंधरा वर्षांची वाट पाच वर्षांवर आली, तरी पुष्कळ झाले. आणि ज्या घरी पुरुषमंडळी मुलांना येथवर पोचवतील व परत नेतील, त्या घरी तराजूचा काटा आपोआप सरळ होऊ लागेल.

पहिल्या रविवारची पाळी माझी. वहीत नाव लिहूनच मी येथून जाणार आहे. वही चिटणीसबाईंकडे आहे.