आधी दळण, मग यंत्र



काल याच व्यासपीठावर संतसाहित्य होतं, उद्या शेतीचं अर्थकारण आहे आणि मध्येच हा विषय : घरासाठी एस्प्रेसो यंत्र कसं निवडावं. पत्रिका हातात पडल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या, हे मला कळलं आहे. पण ज्या वस्तूवर पाच आकडी रक्कम खर्च होते आणि जी पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जाते, तिच्यावर तासभर बोलायला हरकत नसावी.

एस्प्रेसो म्हटलं की पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना लग्नाचं कार्यालय आठवत असेल. जेवणाच्या पंगतीपासून जरा बाजूला एक चकचकीत स्टीलचं यंत्र, त्यातून बाहेर आलेली नळी आणि भोवती पोरांची गर्दी. कपात साखर आणि इन्स्टंट कॉफी घोटलेली असायची. त्यात दूध ओतून तो माणूस नळी बुडवायचा, फस्स असा आवाज व्हायचा, फेस काठापर्यंत यायचा आणि वर चॉकलेट पावडरची चिमूट पडायची. आपण त्याला ‘एक्स्प्रेसो’ म्हणायचो. चवीला झकास असायची, मी आजही सोडत नाही. पण त्यात एस्प्रेसोचा थेंबही नव्हता. वाफ दुधात शिरत होती. दळलेल्या कॉफीतून दाबाखाली पाणी जाणं, ही जी एस्प्रेसोची मूळ क्रिया, ती तिथे घडतच नव्हती.

ही क्रिया जमायला इटलीलाही साठ-सत्तर वर्षं लागली. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेच्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एका वेळी एकेक कप काढण्याची सोय केली. त्यांचे हक्क देसिदेरियो पाव्होनी यांनी विकत घेतले आणि यंत्रं बाजारात आणली. दिसायला ही यंत्रं देखणी होती, पण सगळा जोर वाफेचा. वाफेचा दाब दीड बारच्या आसपास, पाणी मात्र फार तापलेलं. त्यामुळे कॉफी झटपट मिळे, पण करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्याच आकिले गाज्जा यांनी वाफेला बाजूला केलं. दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग दाबली जायची आणि ती सुटताना दट्ट्या गरम पाणी कॉफीतून ढकलायचा. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला आणि कपात प्रथमच तो सोनेरी-तपकिरी फेस दिसला, ज्याला आज क्रेमा म्हणतात. ‘वाफेशिवाय चालते’ ही गाज्जांच्या यंत्रांची जाहिरात होती. आपल्या कार्यालयातलं यंत्र याच्या बरोबर उलटं. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ यंत्राने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. त्या वर्षी इटलीत खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, नावातला ‘ई’ त्या ग्रहणाचा. घरगुती यंत्रांची आजची सगळी पिलावळ या दोघांपासून सुरू होते.

आता हे नऊ बार म्हणजे किती? आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. त्याच्या नऊपट दाबाने पाणी बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट चकतीतून जातं. साधारण १८ ग्रॅम कॉफी, ९० ते ९६ अंश तापमानाचं पाणी, २५ ते ३० सेकंद आणि कपात ३६ ग्रॅमच्या आसपास द्रव. हे आज सर्वत्र चालणारं दुहेरी मापाचं गणित. इटलीतलं पारंपरिक एकेरी माप याहून लहान, सात ग्रॅमचं.

आजच्या विषयाचं मर्म याच चकतीत आहे. नऊ बारने आलेलं पाणी आळशी असतं, ते वाट शोधतं. चकतीत कुठे फट असेल, कुठे दळण जाड असेल, तिथून ते सुसाट निघून जातं. तेवढ्या वाटेवरची कॉफी नको इतकी निघते आणि कडू होते, बाकीची कोरडीच राहते आणि आंबट लागते. एकाच घोटात आंबट आणि कडू अशा दोन्ही तक्रारी आल्या, तर दोष बहुधा दळणाचा असतो. मिक्सरचं पातं बिया फोडतं, त्यामुळे भांड्यात अर्धी धूळ आणि अर्धी कणी मिळते. हवा तो बर ग्राइंडर. त्यात दोन दातेरी चकत्या किंवा शंकू असतात आणि त्यांच्यातलं अंतर किंचित कमीजास्त करता येतं. कप पंधरा सेकंदांत भरला तर दळण बारीक करायचं, मिनिटभर थेंबथेंबच आला तर जाड. पावसाळ्यात मुंबईसारख्या दमट हवेत ते पुन्हा थोडं हलवावं लागतं, नवी पिशवी फोडली की परत. हे रोजचं जुळवणं ग्राइंडरवर होतं, यंत्रावर होत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. यंत्रासाठी जी रक्कम बाजूला काढली असेल, तिच्यातले निदान चाळीस टक्के ग्राइंडरला द्या. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर विजेच्या सामान्य ग्राइंडरपेक्षा स्वस्तात सरस दळतो. दोन कपांचं दळण म्हणजे मिनिटा-दीड मिनिटाचा व्यायाम. पुरणयंत्र फिरवणाऱ्या घराण्यांतल्या आपल्याला तो जड वाटू नये.

पण त्याआधी एक प्रश्न. तुम्हाला खरंच एस्प्रेसो हवी आहे का? मराठी घरातली कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर आणि जायफळ. ती आवडत असेल, तर माझा सल्ला ऐका आणि मोका पॉट घ्या. आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये काढलेलं हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं. खाली पाणी, मधल्या गाळणीत कॉफी, वर रिकामी किटली. खालचं पाणी तापलं की आतल्या दाबाने नळीतून वर चढतं आणि कॉफीतून जाऊन किटलीत जमतं. दाब एक-दोन बारच, त्यामुळे क्रेमा जवळजवळ नाही, पण कॉफी दाट आणि दुधाला पुरून उरणारी. इटलीतल्या बहुतेक घरांत हेच भांडं असतं. एस्प्रेसो प्यायला इटालियन माणूस कोपऱ्यावरच्या बारमध्ये जातो, उभ्याउभ्या पितो आणि कामाला लागतो. हे भांडं जगभर पोचवणारे त्यांचे चिरंजीव रेनातो बियालेत्ती २०१६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या अस्थी मोठ्या मोका पॉटमध्येच ठेवल्या गेल्या. इतकी निष्ठा मी आपल्याकडे फक्त पितळी बंबाच्या बाबतीत पाहिली आहे.

मोका घेताना दोन गोष्टी बघा. ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर चालत नाही, त्यासाठी स्टीलचा लागतो. आणि लहान मोका आपल्या गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही, तिच्या दांड्यांमधून कलंडतो. वर ठेवायला एक छोटी जाळी घ्या. गाळणीतली कॉफी दाबू नका, आच मंद ठेवा आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा.

ज्यांना खरोखर एस्प्रेसोच हवी आहे, त्यांच्यासाठी आता बाजारात शिरू. सर्वांत स्वस्त खोक्यावर ‘एस्प्रेसो मेकर’ लिहिलेलं असतं, सोबत काचेचं भांडं असतं आणि वर घट्ट फिरवून बसवायचं झाकण. त्या झाकणाखाली वाटीभर पाणी मावतं. यात पंप नसतो. पाणी वाफेच्याच जोराने जातं, म्हणजे गाज्जांच्या आधीचं युग. हे घेण्यापेक्षा मोका बरा, तो निदान खोटं बोलत नाही.

पुढच्या पायरीवरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५ बार’ असतं, कुठे ‘२०’. गिऱ्हाईक खूश होतं. हा आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो त्याचा आहे. कॉफीला हवेत नऊ. चांगल्या यंत्रात जादा दाब सोडून देणारी झडप असते. विचारायचं ते तिच्याबद्दल, आकड्याबद्दल नव्हे.

त्याहून महत्त्वाची एक तपासणी दुकानातच करता येते. दांड्याच्या फिल्टरमधली ती लहानशी वाटी, बास्केट, काढून हातात घ्या आणि दिव्यासमोर धरा. बुडाला चाळणीसारखी शेकडो बारीक छिद्रं दिसली तर ती खरी बास्केट. आतल्या बाजूला छिद्रं पण बाहेरून पाहिलं की मध्यभागी एकच टाचणीएवढं भोक, तर ती दुहेरी तळाची. तिथे दाब भोक निर्माण करतं, दळण करत नाही. शिळ्या, जाड, कशाही पावडरीतून ती फेस काढून दाखवते. दुकानातलं प्रात्यक्षिक नेहमी याच बास्केटवर असतं. नवशिक्याने तिच्यावर सुरुवात करायला हरकत नाही, पण त्या यंत्राला एकेरी तळाची बास्केट मिळते ना, ती किती मिलिमीटरची, हे विचारून ठेवा. ५८ मिलिमीटर हे हॉटेलातल्या यंत्रांचं माप असल्याने त्याचं सामान सहज मिळतं. ५१ आणि ५४चंही मिळतं, पण शोधावं लागतं.

दुधाची गोष्ट निराळी. कॉफीला नव्वदीचं पाणी लागतं, दूध फेसाळायला शंभराच्या बरंच वरची वाफ. एकाच बॉयलरच्या यंत्रात आधी कॉफी काढा, मग ते तापेपर्यंत थांबा, मग दूध, मग पुढच्या कपासाठी पुन्हा थंड करा. नवरा-बायको दोघंच असतील तर ठीक. संध्याकाळी पाच पाहुणे आले तर? सहा कप चहा एका पातेल्यात दहा मिनिटांत होतो. सहा कॅपुचिनो करणारा यजमान अर्धा तास स्वयंपाकघरात पाठमोरा असतो. दोन बॉयलरची यंत्रं ही अडचण सोडवतात, पण त्यांची किंमत आणि वजन पाहता ती ओट्यावर एकदा बसली की घरच्या सदस्यासारखी धरायची. बिया टाकल्या की बटणावर कप देणारी स्वयंचलित यंत्रं सोयीची आहेत, चवीत मधली, दुरुस्तीत महाग. कॅप्सूलचं यंत्र स्वस्त असतं, कॅप्सूल स्वस्त नसते. एकीत पाच-साडेपाच ग्रॅम कॉफी म्हणजे किलोला साधारण १८०. एका कॅप्सूलच्या किमतीला १८०ने गुणा आणि मग ठरवा.

आता आपल्याकडच्या अडचणी. अमेरिकेतल्या मुलाने आणलेलं यंत्र तिथल्या १२० व्होल्टचं असतं, इथल्या २३०वर लावलं की कायमचं झोपतं. दीड किलोवॉटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर यंत्राइतकाच अवजड असतो. इथलंच यंत्र घेतलं तरी बरीचशी १३०० ते १५०० वॉटची असतात. ओट्यावरच्या लहान प्लगवर भागवू नका, मोठा पॉवर पॉइंट हवा. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच बॉयलरमध्ये चढतो. ठरावीक काळाने सायट्रिक ॲसिडचं पाणी किंवा कंपनीचं औषध फिरवावं लागतं. निव्वळ आरओचं पाणी हाही उपाय नाही. क्षार अगदीच नसले तर कॉफी फिकी लागते आणि काही यंत्रांना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही, कारण त्यांचा सेन्सर पाण्यातल्या क्षारांवर चालतो. दोन्ही पाणी मिसळून वापरा. आणि दूध फेसाळून झालं की वाफेची नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसून एकदा वाफ सोडायची. रात्री चोथा काढायचा, जाळी धुवायची. हे कोण करणार, हे यंत्र आणण्याआधी घरात बोलून घ्या. ‘मी करीन’ म्हणणाऱ्याकडून लेखी घेतलं तरी चालेल.

कॉफीबद्दल थोडंसं. चिकोरी मिसळलेली फिल्टर पावडर यंत्रात घालू नका, चिकोरी विरघळून चिकट होते. पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या बिया घ्या. भाजल्यावर आठवडाभर थांबून महिन्याभरात संपवा. दूरचं काही आणायची गरज नाही. चिकमगळूर आणि कोडगू आपल्या शेजारच्या राज्यात आहेत, आणि इटली हा कित्येक वर्षं भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक आहे. आपला रोबस्टा तिकडे जातो तो मुख्यतः क्रेमासाठी आणि कॉफीला दाटपणा यावा म्हणून. त्यामुळे ‘शंभर टक्के अरेबिका’ या शब्दांना भुलण्याचं कारण नाही. दुधाबरोबर घेणार असाल तर थोडा रोबस्टा असलेली भाजणी मला जास्त आवडते.

शेवटी एक विनंती. यंत्र घ्यायला जाल तेव्हा स्वतःच्या बिया पिशवीत घेऊन जा. दुकानदाराला म्हणा, या दळा, एकेरी तळाची बास्केट लावा आणि माझ्यासमोर एक कप काढा. रबरी गॅस्केट गेलं तर तुमच्याकडे मिळेल का, तेही विचारा. जो कप काढून दाखवणार नाही, त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.