उदाहरणावरून शिकणारे यंत्र आणि त्याची परीक्षा



माझे शिक्षण शाळेबाहेरचे, आयुष्य कामगारांत गेलेले. तेव्हा संगणकावर मी काय बोलणार, अशी शंका कोणाला आली तर ती रास्त आहे. पण आजचा विषय मला परका वाटत नाही.

सुमित गुलवानी हे कानपूरच्या आयआयटीत शिकलेले गृहस्थ. २०११ साली त्यांनी एक निबंध मांडला, आणि २०१३ च्या एक्सेलमध्ये त्यातूनच ‘फ्लॅश फिल’ ही सोय आली. आपण एकदोन उदाहरणे लिहून दाखवायची, नियम यंत्राने शोधायचा.

समजा, एसटीच्या फेऱ्यांची यादी आहे. ‘तुळजापूर-धाराशिव’ यापुढे आपण ‘धाराशिव’ लिहिले. आता नियम कोणता? आडव्या रेघेनंतरचे घ्या, हा एक. अमुकाव्या अक्षरापासून पुढचे घ्या, हा दुसरा. नेहमी धाराशिवच लिहा, हा तिसरा! तिन्ही बसतात. ‘तुळजापूर-नळदुर्ग’ दाखवले की तिसरा बाद. दुसरा मात्र तग धरतो, कारण तुळजापूर तेवढेच लांब. ‘उमरगा-लातूर’ दाखवावे तेव्हा तो पडतो. आणि ‘तुळजापूर-सोलापूर-पुणे’ आले, की पहिली रेघ की शेवटची, हा तंटा पुन्हा उभा!

म्हणजे यंत्राला शंभरपैकी किती गुण मिळाले, हे कोणती उदाहरणे दाखवली यावर ठरते. एका कारखान्यात उक्त्या कामाचा दर ठरवताना सर्वांत चपळ गडी, नवे यंत्र आणि सकाळची वेळ निवडली होती. आकडा खोटा नव्हता हो! पण आम्ही विचारले, माणूस कोण, यंत्र कोणते, किती वेळ मोजलेत?

इथेही तेच विचारावे. शिकवण्याची उदाहरणे वेगळी आणि परीक्षेची वेगळी ठेवली काय? शोधाला दहा सेकंद दिले, तर ते कोणत्या संगणकावरचे? मंद संगणकावर तेवढ्याच वेळात कमी गणिते सुटतील. उदाहरणे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील, तर त्याच चिठ्ठ्या पुन्हा निघतील अशी नोंद आहे काय? कार्यक्रमाची आवृत्ती कोणती? न सुटलेली गणिते हिशेबात धरली, की गुपचूप वगळली?

एवढे लिहून ठेवले तरच दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता येतो. २०११ साली हंगेरीतील सेगेद येथे भरलेल्या सॉफ्टवेअर-शास्त्राच्या परिषदेत निबंधाबरोबर प्रत्यक्ष कार्यक्रमही मागवून तपासण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे इतर परिषदांनीही तो उचलला.