खडू, फळा आणि फोन

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागं आवाज पोचत नाही.

१९८७ साली सरकारनं खडू-फळा मोहीम काढली. शाळांना नकाशे मिळाले, पृथ्वीचा गोल मिळाला, विज्ञानाची पेटी मिळाली. आम्ही काय केलं? पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोरं मोडतील ही भीती! गोलावर धूळ बसली. वस्तू चांगली होती, पण पोरांचा हात तिला लागला नाही.

तीच चूक आम्ही पुन्हा केली. २०२० सालच्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. आम्ही फोनवर धडे पाठवू लागलो. निळ्या खुणा दिसल्या की वाटायचं, धडा पोचला.

एके दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. चौथीतली मुलगी दारात होती. घरात फोन एकच. दिवसा तो बापाबरोबर कामावर जाई, रात्री थोरला भाऊ धरून बसे. पोरीनं एकही धडा पाहिला नव्हता. आम्ही विचारलं, बेचाळीसातून अठरा गेले, किती राहिले? ती म्हणाली, छत्तीस. आठातून दोन वजा, चारातून एक वजा, असा तिचा हिशेब.

तिची आई चूल सारवत होती. म्हणाली, "गुरुजी, मी बघू का?" तिनं काड्या आणल्या. दहा-दहाच्या चार गड्ड्या बांधल्या, दोन सुट्या ठेवल्या. "आता यातून अठरा दे मला." पोरगी थांबली. मग तिनं आपणच एक गड्डी सोडली. चोवीस राहिल्या. आईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्ही गप्प बसलो.

मग फोन टाकाऊ का? तसं नाही. बालभारतीच्या पुस्तकात ठिपक्याठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे चौकोन जोडले. पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले. २०२० साली डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. फोनमध्ये 'दीक्षा' हे ॲप घ्यावं, त्यातून कॅमेरा चौकोनावर धरावा, की धड्याची चित्रं आणि आवाज उघडतो. एकदा उतरवून ठेवलं, की नेट नसलं तरी दिसतं.

फोनचा एक गुण आम्हांला नाही. तो तेच दहादा सांगतो, रागावत नाही. आमचा आवाज चौथ्या खेपेलाच चढायचा. पण पोराला कळलं की नाही, हे फोनला दिसत नाही. म्हणून मध्येच तो थांबवा आणि विचारा, "काय सांगितलं रे? दाखव करून." आणि पोराइतकाच वेळ पोरीलाही द्या.

त्या बापाला आम्ही रोज रात्रीचा अर्धा तास मागून घेतला, पोरीसाठी. पुढच्या खेपेस गेलो, तर ती धाकट्या भावाला गड्डी सोडून दाखवत होती. फोन चार्जिंगला लावलेला होता.